दहा किलो जपानी मासिकं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून सही, किराण्याची यादी आणि बचत गटाच्या रजिस्टरात दोन ओळी, एवढंच लिहिलं. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी माफी मागावीशी वाटते, कारण ज्या मासिकांबद्दल लिहायला बसले त्यांच्या मागच्या पानांवर वाचकांची पत्रं त्यांच्याच अक्षरात छापलेली आहेत. एकेकाचं अक्षर मोहरीसारखं बारीक आणि सारखं. त्यांच्यासमोर माझं हे असं.

मी मोताळ्यात राहते. हे जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाची गाडी तोलायची आणि चिठ्ठी द्यायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घराची पुढची खोली भाड्याने देते आणि मागच्या खोलीत मी कागदाच्या पुड्या करते. आधी कापूस वेचायला जात होते, पण गुडघे धरले तेव्हा हे काम घेतलं. बसून होतं, आणि कोणाशी बोलावं लागत नाही. मला बोलायची लहानपणापासून भीती आहे. दुकानात चार माणसं उभी असली तर ती जाईपर्यंत मी बाहेर ओट्यापाशी थांबते. कधी कधी नवीन चार येतात, मग त्यांच्यासाठीही थांबते.

रद्दीचं दुकान बाजारात आहे, ते एक बाई चालवते. आम्ही तिला मालकीणबाई म्हणतो. मलकापूरहून टेम्पोने रद्दीचे गठ्ठे येतात, ते ती तोलून आम्हाला देते. तीस किलो कागद नेला तर एकोणतीस किलो पुड्या परत द्यायच्या. एक किलो घट धरलेली असते, कातरण आणि पिनांची. मजुरी पुड्यांच्या वजनावर. कागद तिचा, खळीचा मैदा आपला. पुड्या करणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि समोरच्या गल्लीतली एक बाई. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि माझ्या वाटचं बोलणंही तीच बोलून घेते. काटा खाली दिसला की भांडते, वर दिसला की भांडते. मी काट्यावर ओझं ठेवते आणि आकडा पाहून मान हलवते.

दोन-तीन वर्षांपासून रद्दीत परदेशी पुस्तकं येतात. कागद गुळगुळीत असतो, त्याला खळ नीट धरत नाही, पण पुडी चकचकीत होते म्हणून फुटाणेवाले तीच मागतात. गेल्या उन्हाळ्यात एका गठ्ठ्यात सुतळीने बांधलेले दोन थर निघाले. बाकीची रद्दी कशीही कोंबलेली होती, पण हे दोन थर चौकोनी होते आणि सुतळी कागदाला कापू नये म्हणून कोपऱ्यांना पुठ्ठा लावलेला होता. रद्दीला असं कोणी बांधत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी सुतळी तोडली, पिना काढल्या आणि सात-आठ पुस्तकं कापून टाकली.

मग एक पान कापलं आणि हात थांबला. त्या पानावर एका मुलीचं डोकं काढलेलं होतं. समोरून, बाजूने, मागून. हसताना, रागावलेली, रडताना. खाली तीच मुलगी उभी, शेजारी तिच्याबरोबरची सगळी माणसं ओळीने उभी, आणि मागे आडव्या रेघा, कोण किती उंच ते दाखवणाऱ्या. मी सुरी बरोबर मधून चालवली होती. हसरं तोंड एका तुकड्यात आणि पाठमोरं डोकं दुसऱ्यात गेलं होतं. आपल्या ओळखीच्या माणसाचा फोटो फाडावा तसं वाटलं. राहिलेली पुस्तकं मी बाजूला काढली. मोजली तर बावीस होती.

ती कशाची पुस्तकं हे मला माहीत नव्हतं. वर इंग्रजी आकड्यांत एक्याऐंशी, ब्याऐंशी असं सन लिहिलेलं होतं, तेवढं वाचता आलं. बाकी अक्षरं काड्यांची घरटी असावीत तशी. पण वाचता आलं नाही तरी पाहता येतं. त्या उन्हाळ्यात दुपारी पुड्या झाल्या की मी एकेक पुस्तक मांडीवर घेई.

सुरुवातीला रंगीत पानं, मग मध्ये खरखरीत कागदाची, आणि शेवटी पुन्हा रंगीत. चित्रं सगळी आकाशातली. अवकाशयानं, घराएवढी लोखंडी माणसं, काळ्या आकाशात लटकलेली शहरं. कार्टून म्हणजे उड्या मारणारे ससे आणि उंदीर, असं मला वाटायचं. इथे सगळ्यांची तोंडं काळजीत होती. एका यानाचं चित्र दोन पानांवर पसरलेलं, अर्धं सोललेलं. आतले जिने, झोपायच्या जागा, भांडारघर, सगळं उघडं, आणि प्रत्येक भागापासून एक रेघ निघून टोकाला नाव. शाळेत गुरुजी फळ्यावर कापलेलं फूल काढून दाखवायचे तसं. जे नाहीच त्याचं इतकं नीट कोणी का दाखवावं, हा विचार करत मी त्या पानावर दोन दिवस होते. भांडारघरात पोती होती. पोत्यांच्या तोंडाला गाठी मारलेल्या दिसत होत्या.

पुढच्या पानांवर खरी माणसं. चित्रं काढणारी. उतरत्या टेबलावर वाकलेली, दाढी वाढलेली, शेजारी विड्या विझवून भरलेली ताटली. एकजण टेबलाखाली चटई टाकून झोपलेला, त्याचे पाय आणि अर्धं तोंड दिसतं, आणि त्याचाही फोटो छापलेला. चार पानं नुसती दोन माणसांची, समोरासमोर बसलेली, मध्ये चहाचे पेले. एक हात उडवून बोलतो आहे, दुसरा ऐकून घेतो आहे. पान उलटलं की दुसरा हात उडवतो. चार पानं दोघांचं बोलणं छापायला कोणाला तरी ते महत्त्वाचं वाटलं असणार. थिएटरसमोर थंडीत पांघरुणं घेऊन बसलेली पोरं. त्या यानातल्या लोकांसारखे कपडे घरी शिवून घातलेल्या मुली. एकीच्या बाहीची शिवण उसवलेली होती, ती तिने हाताने झाकलेली.

आणि प्रत्येक चित्राखाली, अगदी कोपऱ्यात, चार बारीक अक्षरं आणि शेजारी कधी कधी नखाएवढा फोटो. ज्याने चित्र काढलं त्याचा तो, हे मला टेबलावरच्या माणसांची तोंडं ताडून कळलं. यान कोणाचं, ढग कोणाचे, आग कोणाची, सगळ्याची तोंडं दिली होती. टेबलाखाली झोपलेल्याचंही तोंड मला पुढे एका चित्राखाली सापडलं. तो फक्त धूर काढायचा. तीन अंकांमध्ये त्याच्या फोटोखाली धूरच होता.

शिवाय एक पान प्रत्येक अंकात होतं, नुसत्या चौकटींचं, वेळा आणि वार यांचं. मी ते एस.टी.चं वेळापत्रक समजले. त्या वेळांपुढे कोणीतरी पेन्सिलने बारीक खुणा केल्या होत्या. मला वाटलं, ज्याची ही पुस्तकं तो माणूस दर आठवड्याला कुठेतरी जात होता.

गोष्टही होती. छोट्या छोट्या चित्रांच्या ओळी, तिकिटाएवढ्या, पानभर. ती गोष्ट मी अशी वाचली. एक फाटलेलं यान बर्फात पडलं आहे. एक बाई खिडकीत एकटी उभी आहे. मग यान उडतं. लढाई होते, आणि लढाईनंतर दरवेळी माणसं वाढतात. दोन होती ती पाच होतात, पाचांची बारा. यान नीट होत जातं, माणसांचे कपडे स्वच्छ होत जातात. शेवटी सगळे एका अंगणात जमतात, खिडकीतली बाईही असते, आणि एक आई मुलाच्या गळ्यात मफलर बांधते. मला ती गोष्ट फार आवडली. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आमच्याकडेही असं असतं तर, असं एकदा मनात आलं, आणि मग मी उठून भांडी घासली.

आता जे चुकलं ते लिहिते.

बावीस पुस्तकं म्हणजे जवळपास दहा किलो. तीस किलो कागद आणला होता, एकोणतीस किलो पुड्या द्यायच्या होत्या, आणि माझ्याकडे एकोणीसच भरत होत्या. मालकीणबाईला सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर तिने पैसे कापले असते. पण सांगायचं म्हणजे चार लोकांत तोंड उघडायचं, आणि ती विचारणार, म्हातारपणी चित्रांची पुस्तकं कायले पाहिजे तुले. ते मला झालं नाही. मी सांगितलं की गुडघा दुखतो, राहिलेल्या पुढच्या खेपेला देते. आणि पुढच्या खेपेपासून खळ जाड केली.

पुडीला खळ बोटभर लावायची असते, कडेला. मी ती चार बोटं लावू लागले, दुहेरी. मैद्याला वजन असतं. तीस किलोमागे दोन किलो सहज वाढत. पाच खेपांत दहा किलो भरून निघाले. काट्यावरचा आकडा बरोबर आला आणि मी मान हलवली. तीस वर्षं ज्याने काट्याला बोट लावलं नाही त्याच्या घरात बसून मी हे केलं. मैद्याचे पैसे माझेच गेले, पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त गेले असतील, असं मी स्वतःला सांगत होते. जणू त्याने काही होतं.

श्रावणात हवा ओली झाली आणि खळीला बुरा चढला. फुटाणेवाल्याने दोन पोती पुड्या दुकानात आणून उलट्या केल्या. मी तेव्हा ओट्यापाशी थांबलेली होते. आंबट वास बाहेरपर्यंत आला. तो म्हणाला, गिऱ्हाईक पुडी हुंगून परत देते, माझे फुटाणे नासले. पुड्या आमच्या दोघींच्या एकाच पोत्यात भरल्या जातात, त्यामुळे कोणाच्या ते पुडीवरून कळत नव्हतं. मालकीणबाईने कळून घेतलं. समोरच्या गल्लीतली बाई वजनावरून नेहमी भांडते, म्हणजे तिनेच केलं असणार. माझ्याकडे बोट करून मालकीणबाई फुटाणेवाल्याला म्हणाली, “ही तं बिचारी तोंडातून सबूद काढत नाही. ही कायले असं करन?”

त्या बाईचं काम बंद झालं. ती दुकानात येऊन खूप बोलली, शपथा घेतल्या, आणि जितकी बोलली तितकी खोटी ठरली. मी घरी आले. दार लावलं.

तीन आठवडे तिचा वाटा मला मिळाला. साठ साठ किलो कागद. खळ मी आता पातळ केली होती, बोटभरच. ती सकाळी डबा घेऊन माझ्या दारावरून निंदणाला शेतात नेणाऱ्या गाडीकडे जायची, आणि मी आवाजावरून ओळखून खिडकीतून मागे सरायची. पुस्तकं मी ह्यांच्या जुन्या धोतरात बांधून ट्रंकेवर ठेवली होती. त्या तीन आठवड्यांत ती उघडली नाहीत.

पुढच्या खोलीत तेव्हा एक शिक्षिका राहत होत्या. संग्रामपूरकडच्या, शनिवारी घरी जायच्या, सोमवारी यायच्या. एका रविवारी, आदल्या दिवशीच्या पावसाने गाडी बंद म्हणून त्या राहिल्या होत्या आणि साखर मागायला मागच्या खोलीत आल्या. मी ट्रंकेवरचं गाठोडं त्या दिवशी पहिल्यांदा सोडून उन्हाच्या पट्ट्यात ठेवलं होतं, पुस्तकांना बुरा लागू नये म्हणून. मॅडमनी वरचं एक उचललं आणि साखर विसरल्या.

“काकू, हे जपानी आहे. हे ॲनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टूनचं, मासिक आहे. इतकं जुनं तुमच्याकडे कसं?”

मी म्हटलं, रद्दीत. ते खरंच होतं.

त्यांनी मोबाईल काढून पानावर धरला. अक्षरं हलली आणि त्यांच्या जागी मराठी दिसू लागली, अर्धी चुकीची. एका लोखंडी माणसाच्या गुडघ्याखाली ‘आत्याचा स्क्रू’ असं आलं, तेव्हा मॅडम हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. त्या खोलीत दोन माणसं एकदम हसण्याला किती दिवस झाले होते, ते मी मोजलं नाही.

त्यांनी मला पुष्कळ सांगितलं. वेळापत्रक एस.टी.चं नव्हतं, टीव्हीचं होतं. कोणत्या शहरात कोणती मालिका कोणत्या दिवशी दिसते, अख्ख्या देशाचं. तेव्हा ते एकदा निसटलं की पुन्हा दिसायचं नाही, म्हणून मासिकात सगळं चित्रांनी सांगून ठेवत, असं त्या म्हणाल्या. एका पानावर आकडे आणि मुलीचं चित्र होतं. वाचकांनी कार्ड पाठवून आवडीच्या माणसाला मत द्यायचं. कार्ड पानातच होतं, तुटक रेघांनी कापायचं. आमच्या अंकांतली सगळी कार्डं कापून नेलेली होती. ज्याची पुस्तकं त्याने मत दिलं होतं, बावीस वेळा.

मग मी त्यांना माझी आवडती गोष्ट दाखवली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काकू, तुम्ही उलटं वाचलंय. यांचं उजवीकडून सुरू होतं. हे पुस्तकसुद्धा तुम्ही मागून उघडता.”

त्यांनी ती गोष्ट त्यांच्या बाजूने बोट ठेवत सांगितली. आई मफलर बांधते. सगळे अंगणातून निघतात. बाराचे पाच होतात, पाचाचे दोन. शेवटी यान बर्फात पडतं आणि बाई खिडकीत एकटी उभी राहते. मी म्हटलं, बरं.

मॅडमना वाईट वाटलं असावं, कारण त्या पानं उलटत पत्रांवर आल्या, काहीतरी चांगलं सापडावं म्हणून. एक पत्र एका मुलीचं होतं, डोंगरातल्या गावातलं. तिच्या गावात ही मालिका दिसतच नव्हती. तिने एकही भाग पाहिला नव्हता. ती फक्त मासिकातली चित्रं पाहते, आणि आवाज कसे असतील ते मनाने ठरवते. खाली तिने मालिकेतल्या मुलीचं चित्र काढून पाठवलं होतं, पानात अंगठ्याएवढं छापलेलं, नाक थोडं वाकडं. मी ते पत्र मॅडमना पुन्हा वाचायला लावलं. ती मुलगी आता माझ्याच वयाची असेल.

त्या पत्राच्या खाली एक छोटी चौकट होती, काळ्या रेघेची. मॅडमनी सवयीने तिच्यावरही मोबाईल धरला आणि जुळवून जुळवून वाचलं. मागच्या महिन्यात मासिकाने एक चित्र दुसऱ्याच माणसाच्या नावावर छापलं होतं. वाचकांनी कळवलं. चूक आमची आहे, त्यांची नाही, आम्ही दोघांची माफी मागतो, असं लिहून खाली खऱ्या माणसाचा फोटो दिला होता. मी वाकून पाहिलं. तो धुराचा माणूस होता.

“एका धुरासाठी माफी,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याकडे कोणी मागेल का?” आणि त्यांनी पान उलटलं.

त्या गेल्यावर मी ती चौकट पुन्हा काढली. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलं आहे ते माहीत होतं. माझं काम दुसरीच्या नावावर छापलं गेलं होतं. तिने किती ओरडून सांगितलं. आणि जिने कळवायचं ती मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी बावीस पुस्तकं धोतरात बांधली आणि डोक्यावर घेऊन दुकानात गेले. आत तीन गिऱ्हाइकं होती. मी ओट्यापाशी थांबले नाही, कारण थांबले असते तर परत आले असते. गाठोडं सरळ काट्यावर ठेवलं. दहा किलो आणि वर थोडं.

मालकीणबाईने आकडा पाहिला, मग मला. “काय हाय हे?”

“तुमचा कागद. मी ठेवून घेतला होता. वजन भरावं म्हणून खळ मी जाड लावली. तिनं नाही.”

इतकं मी एका दमात बोलले. मालकीणबाईने गाठ सोडली, एक पुस्तक घेतलं आणि मागून उघडलं, जसं मी उघडायची. बरीच पानं पाहिली.

“याच्यासाठी?” ती म्हणाली. “हे तं लेकराचे पुस्तकं हायेत.”

“हाव.”

“पाच खेपा मले मैदा तोलून देल्ला तू. अन् मी तुले गरीब समजून राह्यली.” मग तिचा आवाज खाली आला. “जा, याच्या पुड्या करून आन. मिटलं. मी कोनाले सांगत नाही.”

ती दया होती, मला कळत होतं. दहा किलोच्या पुड्या दोन दिवसांचं काम, आणि त्यानंतर काहीच झालं नाही असं झालं असतं. धुराचा माणूस फुटाण्यांत गेला असता आणि ती वाकड्या नाकाची मुलगीही. मी मान हलवली, पण आडवी. म्हटलं, हे मी विकत घेते. नासलेल्या पुड्यांचे पैसेही देते. आणि तिचे तीन आठवडे.

मालकीणबाईने वही काढली. कागदाचे चारशे, फुटाणेवाल्याला भरून दिलेले सहाशे, आणि त्या बाईच्या तीन आठवड्यांच्या मजुरीचे तेराशे पन्नास. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते. दर आठवड्याला मजुरीतून शंभर कापायचे ठरले. पहिले त्या बाईचे फेडायचे, मग बाकीचे. एवढं मी मागून घेतलं.

त्या बाईला मालकीणबाईने बोलावून घेतलं. ती आली, सगळं ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता काट्याकडे बघत म्हणाली, “बोलत नाही बोलत नाही म्हनता म्हनता माही रोजी खाऊन टाकली वं माय हिनं.” माफी मी मागितली, पण ती तिच्या बोलण्यात बुडाली. तिला ऐकू गेली की नाही, अजून माहीत नाही.

पुढे ती एकदा दारात आली. पुड्यांचं काम परत मिळालं तरी हंगामात ती कापूस वेचायलाही जायची, तिथून परत येत होती. “दाखव तं खरं, कशासाठी एवढं केलं,” म्हणाली. मी उंबऱ्यावर दोन अंक आणून दिले. तिने हात पदराला पुसून पानं उलटली. सोललेलं यान, ओळीने उभी माणसं. “सगळ्याइचे डोये एवढे मोठे,” ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. पाणी विचारलं तर नको म्हणाली. मला वाटलं होतं की धुराच्या माणसाबद्दल सांगावं. तो कोण, त्याच्याबद्दल काय छापलं. ती कोपऱ्यावर वळली तरी माझं पहिलं वाक्य तयार होत होतं.

दिवाळीनंतर मॅडमची बदली मेहकरला झाली. जाताना त्यांनी ही वही दिली आणि म्हणाल्या, काकू, तुम्हीही एक पत्र लिहा त्या मासिकाला. थट्टेने म्हणाल्या. पुढची खोली अजून रिकामीच आहे.

दुपारी मी पुस्तकं पाहते. आता योग्य बाजूने उघडते. कधी मुद्दाम माझ्या बाजूनेही, शेवटून, म्हणजे अंगणात सगळे परत येतात. बाजारात एकदा एका माणसाच्या हातात फुटाण्यांची पुडी दिसली, तिच्यावर यानाचं टोक आणि थोडा धूर. मी पहिल्या दिवशी कापलेल्यांपैकी होती. त्याने फुटाणे संपवले, पुडी चुरगळली आणि टाकली. तो गेल्यावर मी ती उचलून आणली, पाणी शिंपडून सरळ केली. धुराखाली नाव नव्हतं. ते कातरणात गेलं असेल.

पुस्तकांचा पहिला मालक कोण, हे मात्र कळलं नाही. पुठ्ठा लावून बांधणारा माणूस ती रद्दीत देणार नाही. म्हणजे तो गेला असणार आणि मागच्यांनी घर रिकामं केलं असणार. माझ्यामागे ही कोण देईल आणि कुठे, तेही मला माहीत आहे. मालकीणबाईच्याच काट्यावर येतील. तोपर्यंत ती चोरीची राहू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून पैसे फिटेपर्यंत एकाही पुस्तकावर मी माझं नाव घातलं नाही.

शंभर शंभर करत थंडी गेली. एका आठवड्यात ताप आला, पुड्या झाल्या नाहीत, तरी बचतीतले शंभर नेऊन दिले. होळीच्या आधीच्या आठवड्याला पन्नासच राहिले होते. दुकानात पाच-सहा माणसं होती. समोरच्या गल्लीतली बाईही तिच्या पुड्या तोलून घेत होती, आणि काटा खाली दिसतो म्हणून भांडत होती. मी आत जाऊन उभी राहिले. माझ्या पुड्या तोलल्या, एकोणतीस किलो, वर शंभर ग्रॅम. मालकीणबाईने मजुरीतून पन्नास बाजूला काढले, वहीत माझं पान उघडलं आणि सगळ्या ओळींवरून एक तिरपी रेघ मारली.

“झाले पुरे,” ती म्हणाली. “आता ते पुस्तकं तुहे.”